कुबेराचा प्लंबर

घरात बिटकॉइनचं यंत्र चालवणारा माणूस लोभी असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि सासुरवाडीत त्याच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं जातं. हा त्याच्यावर शुद्ध अन्याय आहे. लोभी माणूस आधी हिशेब करतो. हाही करतो, पण ठिबकणाऱ्या जोडाखाली वाटी सरकवताना विसरून जातो. यंत्र थंड ठेवायला जो स्वतःच्या हातानं नळ्या, पंप आणि रॅडिएटर जोडतो, तो पिंडानं प्लंबर असतो, आणि बिटकॉइन हे त्यानं घरच्यांना दिलेलं कारण असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला पुरावा त्याच्याच यंत्राचा. परवडतं म्हणून त्यानं सेकंडहँड अँटमायनर एस-९ आणलेला असतो. २०१६ साली हे यंत्र आलं तेव्हा त्याचा दरारा होता. आजही ते सेकंदाला साडेतेरा लाख कोटी आकडेमोडी करतं, पण जगभरच्या यंत्रांची ताकद सेकंदाला सहाशे एक्झाहॅश (एक हॅश म्हणजे एक आकडेमोड) इतकी कमी धरली तरी त्यात याचा वाटा पडतो सुमारे साडेचार कोटींत एक. एप्रिल २०२४ मध्ये या आकडेमोडीचं, म्हणजे मायनिंगचं, बक्षीस निम्मं होऊन व्यवहारांच्या दर ब्लॉकला ३.१२५ नाणी झालं, म्हणजे सगळ्या जगात मिळून दिवसाला साडेचारशेच्या आसपास. त्यातून आपल्या गृहस्थांच्या पदरात पडतो एका नाण्याचा एक लाखावा भाग. नाण्याचा भाव ८० लाख धरा, रोजचे ८० रुपये झाले. यंत्र खातं १३५० वॉट, अहोरात्र, म्हणजे दिवसाला ३२ युनिट. युनिट १० रुपयांना धरलं तरी ३२० रुपये. आणि महिन्याला साडेनऊशेच्या वर युनिट जाळणाऱ्या घराला महावितरण दहाच्या दरानं सोडत नाही, हे बिल भरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. वर २०२२ पासून अशा मिळकतीवर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही. या हिशेबातून शहाणा माणूस एकच गोष्ट करील, यंत्र भंगारात घालील. हा रॅडिएटर विकत आणतो.

आता या रॅडिएटरनं मिळकत वाढते का? पाणी कमाई करत नाही, ते फक्त उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं, आणि त्या कामात ते हवेपेक्षा फार सरस आहे. यंत्रात गेलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. मिनिटाला दोन लिटर पाणी फिरवलं तर ते जेमतेम दहा अंशांनी तापून सगळी उष्णता उचलून नेतं. हे गणित अगदी बरोबर आहे आणि त्याला ते तोंडपाठ असतं. युनिटचा दर मात्र विचारावा लागतो. अडचण अशी, की उचललेली उष्णता कुठेतरी टाकावी लागते, आणि रॅडिएटर कितीही मोठा घेतला तरी पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला हवाच ४५ अंशांवर असते. तिथला कारागीर मग घरचा कूलर रॅडिएटरसमोर आणतो. कोरड्या हवेत ही युक्ती चालते, नाकारता येणार नाही. वाळ्याच्या सुगंधी गारव्यात मशीन बसतं आणि घरचे पुठ्ठ्यानं वारा घेतात. मुंबईच्या दमट हवेत ही सोयही नाही, त्यामुळे तिथला गडी पंप बदलतो.

दुसरा पुरावा त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. एस-९ मध्ये तीन बोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप, एकूण १८९. त्यांच्यावर चिकटवलेले हीटसिंक एकेक सोडवायचे आणि तिथे पाण्याच्या पट्ट्या बसवायच्या, हे काम पैशासाठी कुणी करत नाही. मूळचे दोन्ही पंखे काढले की यंत्र सुरू व्हायला नकार देतं, कारण पंखे फिरत नसतील तर जळायची भीती, एवढी अक्कल कारखान्यानं त्याला दिलेली आहे. मग पंखे फिरताहेत अशी खोटी साक्ष देणारं सर्किट जोडावं लागतं. पुढे लीक टेस्ट. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरायचा, यंत्राला वीज न देता नुसता पंप चालवायचा आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसं रात्रभर बसायचं. कागद कोरडा निघाला की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते बिटकॉइनचा भाव दुप्पट झाला तरी येत नाही. तांब्याच्या पट्टीबरोबर जुन्या बाजारातला ॲल्युमिनियमचा रॅडिएटर एकाच पाण्यात जोडला तर ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. पारदर्शक नळीवर ऊन पडलं की शेवाळ धरतं. बोअरचं पाणी घातलं तर क्षार साचतात, म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर. यातली प्रत्येक अडचण त्याच्या दृष्टीनं पुढच्या रविवारची तरतूद असते.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते मांडणारा बहुधा तोच असतो. पहिला, आवाजाचा. एस-९ चे पंखे असे किंचाळतात की बंद दाराआडून ऐकू येतात, आणि पाण्यानं घर शांत होतं. हे खरं आहे, मान्य करून टाकू. पण बटण बंद केल्यानं ते त्याहून शांत होतं. दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. तो म्हणतो, ही उष्णता फुकट का घालवायची, हिच्यावर अंघोळीचं पाणी तापवू. न्यूयॉर्कमधल्या एका स्नानगृहानं मायनिंगच्या उष्णतेवर तलाव तापवले आहेत, आणि फिनलंडमध्ये घरं ऊबदार ठेवायला ती वापरली जाते. तिथे ते शोभतं. आपल्या गृहस्थांच्या ३२ युनिटांत दिवसाला सुमारे ९०० लिटर पाणी ३० अंशांनी तापतं, म्हणजे वीस लिटरच्या पंचेचाळीस बादल्या. चौघांच्या कुटुंबानं रोज पंचेचाळीस बादल्या अंघोळ करायची म्हटलं तर नोकरी-शाळा सोडावी लागेल, आणि नगरपालिकेनं तेवढं पाणी तरी सोडायला हवं.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा: आज तोटा दिसतो, पण पुढे भाव वाढेल. वाढेलही. मग विजेच्या बिलाचे रोजचे ३२० रुपये सरळ नाणी विकत घ्यायला वापरले, तर ८० ऐवजी ३२० रुपयांची नाणी हातात येतील आणि भाववाढही चौपट फळेल. इतका साधा हिशेब त्याला कळत नाही असं समजू नका. तो मान हलवतो, ‘बरोबर आहे’ म्हणतो, आणि क्लॅम्प आवळायला निघून जातो. विकत घेतलेल्या नाण्याला कुठे नळी जोडता येते? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग एका दिवसात संपलं, तेव्हा ग्राफिक कार्डांवर पाणी खेळवणाऱ्या याच्या भाईबंदांचं उत्पन्नही संपलं. लोभी होते त्यांनी कार्डं विकली, आणि याच्या जातकुळीच्यांनी त्याच पंपात नवं पाणी भरून पुढच्या यंत्राचा शोध सुरू केला.

तेव्हा असा कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याला नफा विचारून लाजवू नका. पाणी आणि वीज त्यानं एकाच टेबलावर मांडलेली आहेत, तेवढ्याकडे लक्ष द्या. त्या यंत्राला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्या, वेगळा एमसीबी लावा, अर्थिंग तपासा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, कारण ‘त्यात काय, मीच करतो’ असं तो म्हणणार आहे.