टक्केवारीचे मानकरी वकीलसाहेब यांस





परवा आपला वाढदिवस झाला. कराडपासून विट्यापर्यंत चौकाचौकांत आपला हसरा फोटो होता. वकिलाने जाहिरात करू नये, पाटीसुद्धा बेताचीच असावी, असा बार कौन्सिलचा नियम आहे म्हणे. पण फ्लेक्स 'मित्र परिवारा'ने लावलेले. आपल्याला कोण बोलणार? आमच्या गावच्या फ्लेक्सची वर्गणी आपला कारकून आम्हा पक्षकारांकडूनच घेऊन गेला, तेव्हा आम्हीही मित्रच.

लोक जळतात हो. आपली द्राक्षबाग, पुण्यातला फ्लॅट, हायवेकडेची जागा बघून विचारतात, एवढे आले कुठून? कोर्टात तर साहेबांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. मी त्यांना समजावतो की, अरे, आवाज लागतो तो गरीब वकिलांना. साताऱ्याच्या सदर बझारातल्या आणि सांगलीच्या विजयनगरातल्या कोर्टांत असे पुष्कळ आहेत. घसा कोरडा करतात आणि एक चहा दोघांत घेतात.

आपली हुशारी आम्हाला टेंभू योजनेच्या कालव्याने दाखवली. कृष्णेचे पाणी कराडजवळून उचलून आटपाडीकडे न्यायचे, तर वाटेत जमिनी जाणारच. सरकारने निवाड्यात कवडीमोल भाव लावला. आपण गावात आलात, चावडीवर बसलात आणि वाढीव भरपाईसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ चे अर्ज भरून घेतलेत. शेजारच्या गावची चार खरेदीखते शोधलीत, एक अर्ज नीट लिहिलात, बाकी सगळ्यांचे झेरॉक्सच्या दुकानात तयार झाले. नाव आणि गट नंबर तेवढा बदलायचा. ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांना पुढे कलम २८-अ खाली शेजाऱ्याच्या निकालावरून तोच भाव मिळाला. त्यांच्याकडूनही आपण टक्का घेतलात. न लढलेल्या लढाईची लूट घेणारा सेनापती मी दुसरा पाहिला नाही.

पण खरी कमाल व्याजाची. वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिले वर्ष ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. सोलेशियम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम, बाजूला ठेवू. लाखभर रुपये वाढले आणि प्रकरण दहा वर्षे चालले, तर व्याज होते एक लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे मुद्दलापेक्षा तारखाच जास्त पिकल्या! आपला टक्का व्याजासकट एकूण रकमेवर असल्यामुळे सरकारी वकिलाने मुदत मागितली की आपण हरकत घेत नव्हता. आम्हाला वाटायचे, साहेब किती समंजस. मधल्या काळात माझे वडील वारले, वारस लावायला आणखी तारखा गेल्या. तेही व्याजात धरले असेलच.

आता काही खोडसाळ लोक सांगतात की निकालावर अवलंबून फी ठरवणे, मिळालेल्या पैशात वाटा घेणे, हे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तेलंगणातल्या एका विधवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट सांगितले. अपघाताच्या भरपाईवर टक्का मागणे म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. बरे झाले, ती तेलंगणाची होती. खंबाटकी घाटाच्या वळणावर अपघातात ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापर्यंत हा निकाल अजून पोचलेला नाही.

आपल्याच साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते बघा. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने गादीवरून काढले, त्यांची वकिली करायला हा माणूस लंडनला गेला. १८४७ ला महाराज काशीत वारले, १८४८ ला राज्य खालसा झाले. पक्षकार गेला, मिळकत गेली, तरी याचे अर्ज चालूच! १८५३ ला परतले ते रिकाम्या हाताने. वकीलपत्रावर सही घेण्याआधी टक्का ठरवायचा असतो, हे सांगायला तेव्हा आपण नव्हता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, त्यासाठी सहा जिल्ह्यांचे वकील वर्षानुवर्षे झगडले. त्या मोर्चांत आपणही पुढे होता, अभिनंदन. आमचे अपीलही आता तिकडेच आहे. तरी मागच्या महिन्याच्या हिशेबात 'मुंबई जाणे-येणे, मुक्काम' असे लिहिलेले दिसले. कारकुनाची नजरचूक असावी.

एकच विनंती. कोर्टातून रक्कम जमा झाली त्या दिवशी बँकेतच आपण माझ्याकडून चेक घेतलात. धाकटा भाऊ वाटणीचा हिशेब मागतो आहे आणि वकिलाने इतके घेतले यावर त्याचा विश्वास बसत नाही. तेवढी एक पावती द्यावी. रकमेपुढे 'फी' असे लिहून सही केलीत तरी चालेल.

आपला,
गट नंबर गेलेला एक पक्षकार