नातेवाईक नावाचं यंत्र

"भाऊ, हे सॅम्पल लॅबमध्ये देऊन या जी."

सरकारी रुग्णालयात हे वाक्य कानावर पडलं नाही, असं घर आपल्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. भाऊ रक्ताची नळी मुठीत धरून निघतो. लॅब कुठे, हे त्याला ठाऊक नसतं. विचारत विचारत पोचतो. परत येतो तोवर दुसरी चिठ्ठी तयार असते, रक्तपेढीतून पिशवी आणायची. मध्येच एक्स-रेसाठी स्ट्रेचर ढकलायचं. रात्रभर सलाइनच्या बाटलीवर नजर ठेवायची आणि संपत आली की सिस्टरला हाक मारायची. सालेकशाहून आलेल्या माणसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर बायको खाटेवर एकटी पडून राहते.

रुग्णालयात रोबोट यावा का? यावाच. आणि सगळ्यात आधी या कामाला यावा.

आपल्याकडे मात्र चर्चा होते ती शस्त्रक्रियेच्या यांत्रिक हातांची. ते हात गुणी आहेत, यात वाद नाही. सर्जन कन्सोलवर बसून ते चालवतो, त्याच्या बोटांची थरथर यंत्र गाळून टाकतं, चिरे लहान राहतात. मुंबईचं टाटा रुग्णालय ते वापरतं. नागपूरच्या खासगी रुग्णालयांत रोबोटच्या मदतीने गुडघे बदलले जातात. पण यंत्र कोट्यवधींचं, देखभालीचा खर्च वेगळा, आणि टोकाची अवजारं ठरावीक वेळा वापरून झाली की यंत्रच ती नाकारतं, नवी घ्यावी लागतात. शिवाय तयारीचा सर्जन हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं. भूलतज्ज्ञ नाही म्हणून तालुक्याहून गोंदियाला आणि तिथून नागपूरच्या मेडिकलला रेफर होणाऱ्या बाळंतिणीला या हातांचा काय उपयोग?

नातेवाईक किती कामं करतो, हे कोविडने उघडं पाडलं. २०२० मध्ये वॉर्डांची दारं त्याला बंद झाली आणि पाणी, जेवण, गोळ्या खाटेपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईत वरळीच्या पोदार रुग्णालयात तेव्हा चाकांवरचा रोबोट हीच कामं करू लागला. पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाचा 'कॅप्टन अर्जुन' प्रवाशांचं तापमान तपासत होता. साथ ओसरली, दारं उघडली, भाऊ पुन्हा नळी घेऊन धावू लागला. यंत्राची गरज संपली असं सगळे धरून चालले, कारण फुकटचा माणूस परत आला होता. मला याचा राग येतो.

उडणारा रोबोट, म्हणजे ड्रोन, तर आपल्यासाठीच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने कोविडच्या लसी पोचवल्या. मे २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली-नोएडा परिसरात रक्ताच्या पिशव्या ड्रोनने नेण्याची चाचणी घेतली. आता आपला नकाशा बघा. चिचगड, केशोरी, दरेकसा, मधे जंगल, पावसात पुलावर पाणी. धानाच्या रोवणीत साप चावतो तो नेमका याच दिवसांत. सिकलसेलच्या पोराला रक्त लागतं ते रस्ता सुरू होण्याची वाट बघत नाही. दिल्लीजवळ चाचणी झाली, छान झालं. पण खरी गरज देवरी-सालेकशाच्या पट्ट्यात आहे. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हा विषय कुणीतरी आग्रहाने मांडला पाहिजे.

आता रुग्णालयाच्या आतलं. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालं. नव्या इमारतीचं भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झालं. त्या इमारतीत वॉर्डातून लॅबपर्यंत हवेच्या दाबाने सॅम्पल पाठवणारी नळी असावी. मोठ्या खासगी रुग्णालयांत ती असते. चाकांचं यंत्र उंबरठ्याला अडतं, म्हणून फरशी सपाट हवी, लिफ्ट चालू हवी, आणि वीज गेली तरी चालू हवी. स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसालाही हेच सगळं लागतं. तेव्हा रोबोट उद्या आला नाही तरी खर्च वाया जाणार नाही.

आणि एक गोष्ट आधीच लिहून घ्यावी. यंत्र आलं म्हणून वॉर्डातल्या मामा-मावशींचं, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांचं, एकही पद कमी करायचं नाही. अर्धांगाच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. आज ते काम घरच्यांवर पडतं आणि कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही. मामांचीही लॅबची फेरी वाचली, तर तो वेळ या खाटेपाशी लावा.