मोजा, मग बोला

नव्या गाडीला वर्षही झालेलं नसतं. बोगद्यातून बाहेर पडून खंबाटकी उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टीअरिंग थरथरतं आणि पायाखाली पॅडल ठोके मारतं. गाडी शोरूमला जाते. थोड्या वेळात निकाल हातात पडतो : ‘‘डिस्क गेलीय साहेब. वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही.’’ हा निकाल देण्याआधी अनेकदा चाक काढलेलं नसतं आणि मायक्रोमीटर कपाटातून बाहेर आलेला नसतो. माझं भांडण या न मोजता दिलेल्या निकालाशी आहे.

कारण विचारलं तर साताऱ्यात उत्तर मिळतं, ‘‘तुम्ही घाटात चालवता.’’ सांगलीत मिळतं, ‘‘तुम्ही गावात चालवता, सारखा ब्रेक लागतो.’’ म्हणजे घाटात चालवली तरी दोष मालकाचा आणि सपाटीवर चालवली तरी मालकाचाच. साताऱ्याच्या माणसाने मग गाडी न्यायची कुठे? पुण्याच्या वाटेवर खंबाटकी, पाचगणीला पसरणी, मेढ्याहून महाबळेश्वरला केळघर, कासला यवतेश्वर, चिपळूणला कुंभार्ली, पोलादपूरला आंबेनळी. या जिल्ह्यात घाट ही रोजची वाट आहे. इथे शोरूम उघडून गाडी विकणाऱ्याला हे रस्ते ठाऊक असतात. साताऱ्यात विकलेली गाडी साताऱ्याच्या रस्त्यांना पुरली पाहिजे. घाटात चालवणं हा गैरवापर असेल, तर तसं विक्रीच्या दिवशी लिहून द्या.

घाटात डिस्कवर ताण येतो, हे खरंच आहे. पाचगणी ते वाई हा उतार साडेपाचशे मीटरच्या घरातला. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली आली की मोकळी होणारी ऊर्जा पंचवीस लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला बराच वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर येतो. म्हणूनच या डिस्क बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या करतात. हा धातू उष्णता झटकन घेतो आणि झटकन सोडतो. किर्लोस्करवाडीत १९१० पासून आणि सातारा रोडच्या कूपर कारखान्यात बिडाचे नांगर ओतलेल्या सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांना हा धातू कुणी नव्याने शिकवायला नको. ओतकाम सारखं झालं नाही तर तुकडा एकीकडे कठीण आणि एकीकडे मऊ राहतो, हे इथल्या फाउंड्रीतला कुठलाही जुना कामगार सांगेल.

झीज ही मोजता येणारी गोष्ट आहे, आणि सगळा वाद इथेच सुटतो. प्रत्येक डिस्कला कंपनीने ठरवलेली किमान जाडी असते. बहुतेक डिस्कवर ती कोरलेलीच असते. नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि किमान मर्यादा २० ची असेल, तर झिजायला दोन मिलिमीटर मिळतात. मोजल्यावर जाडी २१.८ भरली, तर ती डिस्क झिजलेली नाही. तरीही स्टीअरिंग थरथरत असेल, तर दुखणं जाडीत नसून असमानतेत आहे. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे हलते किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. पहिली गोष्ट डायल गेज सांगतो. दुसरीसाठी मायक्रोमीटरने कडेभोवती सात-आठ ठिकाणी माप घ्यावं लागतं. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजायचा फरकसुद्धा पायाला जाणवतो. दोन्ही साधनं कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये असतात आणि चाक काढल्यावर काम काही मिनिटांचं असतं.

असमानता येण्याची कारणं अनेक आहेत. सगळी कंपनीच्या माथी मारणं चूक ठरेल. डिस्कच्या ओतकामात दोष असू शकतो. बसवताना हबवर गंज किंवा कचरा राहिला, तर डिस्क वाकडी बसते. पंक्चरवाल्याने गनने नट कमीजास्त आवळले, तर डिस्कवर असमान ताण येतो. घाट उतरून तापलेल्या गाडीचा ब्रेक सिग्नलला दाबून धरला, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. कधी डिस्क वाकलेली नसतेच, फक्त तिच्यावर हा डाग असतो. यातली पहिली दोन कारणं कंपनी आणि विक्रेत्याची, तिसरं पंक्चरवाल्याचं, चौथं मालकाचं. कुणाचं कारण कुठलं, हे माप घेऊन ठरतं. काउंटरवर उभं राहून ते ठरत नाही.

‘फुकटात फेस मारून देतो’ ही ऑफर आली तर सावध राहा. लेथवर डिस्क घासली की थरथर थांबते, पण जाडीही कमी होते. म्हणजे तुमच्या डिस्कचं उरलेलं आयुष्य खर्चून दुरुस्ती होते. घासण्याआधीची आणि नंतरची जाडी लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आता वॉरंटी. मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. इतर मोठ्या कंपन्याही तीन वर्षांच्या आसपास आहेत. या पुस्तिकांमध्ये ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर यांची नेहमीची झीज वगळलेली असते आणि ते रास्त आहे. पॅड झिजण्यासाठीच असतो. पण वगळली जाते ती झीज. सदोष माल आणि सदोष जोडणी त्या वगळणीत येत नाही. दहा हजार किलोमीटरवर जाडी जवळजवळ नव्याएवढी भरत असताना ‘वेअर अँड टेअर’ लिहिणं म्हणजे मालाच्या दोषाला झिजेचं नाव देणं.

‘‘असा आवाज नॉर्मल आहे’’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मारुतीने वॅगनआर, सेलेरिओ आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या स्वतःहून परत बोलावल्या. मागच्या ब्रेकमधल्या एका पिनमध्ये दोष असण्याची शक्यता होती. पिन तुटून वेगळा आवाज येऊ शकतो आणि पुढे ब्रेकवर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच सांगितलं आणि पिन फुकट बदलून दिली. ब्रेकच्या आवाजामागे कारखान्यातला दोष असू शकतो, हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. मग मालकाची तक्रार तपासण्याआधीच फेटाळायची कशासाठी?

कायदाही ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण चौकशीसाठी एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या असाव्या लागतात. काउंटरवर तोंडी भांडून परतलेला माणूस त्या मोजणीत कुठेच नसतो.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक चळवळ उभी केली, त्याला आता पन्नास वर्षं झाली. ज्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यासाठी ही चळवळ झटली, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. गाडी पुण्याला किंवा कोल्हापूरला घेतली असली तरी मिरजेचा माणूस सांगलीच्या आणि कराडचा माणूस साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. पन्नास लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार जिल्ह्यातच चालते. फी गाडीच्या किमतीवर ठरते : पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी १९१५ ही हेल्पलाइन आहेच.

तिथे जाताना सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल लक्षात ठेवा. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. म्हणून नवी गाडी मागू नका, नवी डिस्क मागा. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्याच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की विक्रेत्याची लबाडी आपोआप कंपनीच्या गळ्यात पडत नाही. त्या विक्रेत्याने २०११ मध्ये २००९ ची गाडी गळ्यात मारली होती. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि कंपनी दोघांनाही घ्या, आणि कुणाची चूक कोणती ते वेगवेगळं मांडा. एप्रिल २०२२ मध्ये न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की टक्करीच्या वेगाचं आणि बलाचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही.

‘‘बाहेरच्या गॅरेजला दाखवलंत, वॉरंटी गेली’’ ही धमकीही तपासून घ्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी बाहेरच्या गॅरेजांची अडवणूक केल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. दंडाच्या रकमेवरून पुढे कोर्टकचेरी झाली. पण त्या आदेशातलं तत्त्व साधं आहे : बाहेरच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, सरसकट नाही. मायक्रोमीटर लावून जाडी मोजल्याने तर गाडीचं काहीच नुकसान होत नाही.

मालकाच्या बाजूचंही स्वच्छ सांगतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरू नका. लावा, सोडा, पुन्हा लावा. घाट उतरून लगेच वॉशिंग सेंटरला तापलेल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारू नका. पंक्चरवाल्याला नट शेवटी टॉर्क पान्याने आवळायला सांगा. ब्रेक न लावताही स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघा. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, त्यासाठी भांडू नका. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात गाडी बुडाली, तर तो विषय विम्याचा आहे, वॉरंटीचा नाही.

आपली बाजू सांभाळली की मागणी ठणकावून करता येते. माझ्या दोन मागण्या आहेत. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे यंत्र विभाग आहेत, मोजमापाच्या प्रयोगशाळा आहेत. त्यांनी ठरावीक फीमध्ये डिस्कचं माप घेऊन सहीशिक्क्याचा दाखला द्यावा, आणि दोन्ही जिल्हा आयोगांनी असे तपास त्यांच्याकडे सोपवावेत. ग्राहकाला तज्ज्ञाचा शोध घेत पुण्याला जावं लागतं म्हणून कितीतरी तक्रारी घरातच विरतात.

दुसरी मागणी प्रत्येक शोरूमला. ब्रेकची वॉरंटी नाकारायची तर जॉब कार्डावर तीन आकडे लिहा : डिस्कची आजची जाडी, किमान जाडी आणि डायल गेजवर दिसलेला डोल. खाली सही करा. आकडे झीज दाखवत असतील तर ग्राहकाने पैसे द्यावेत, कुरकुर करू नये. आकडे झीज दाखवत नसतील आणि कारण पंक्चरवाल्याचं किंवा मालकाचं नसेल, तर डिस्क बदलून द्या. आणि मालकांनो, हे तीन आकडे लिहिल्याशिवाय जॉब कार्डावर तुमचीही सही होऊ देऊ नका.