सत्तर टक्क्यांची चिलीम

5 नोव्हेंबर 2024. फ्लोरिडात दोघं जण निकालाची वाट बघत होते. एकाला 56.1 टक्के मतं पडली आणि तो राज्याची सगळीच्या सगळी 30 इलेक्टोरल मतं घेऊन व्हाइट हाउसकडे रवाना झाला. दुसऱ्याला 55.9 टक्के पडली आणि तो आपटला. पहिला डोनाल्ड ट्रम्प. दुसरा गांजा.

प्रश्न साधा होता. सज्ञान माणसाला डॉक्टरच्या परवानगीशिवाय गांजा बाळगू द्यावा की नाही? पण फ्लोरिडाच्या घटनेत दुरुस्ती करायची तर 60 टक्के मतं लागतात. त्यामुळे 55.9 नापास. नियम म्हणजे नियम, आणि हा नियम 2006 साली मतदारांनीच मंजूर केलेला. तेव्हा त्या नियमाला किती मतं पडली होती? 57.8 टक्के. म्हणजे साठाची अट स्वतः साठ न गाठता पास झाली आणि तेव्हापासून दारात बसून इतरांच्या गुणपत्रिका तपासते आहे. गांजाविरुद्ध कंबर कसून उतरलेले गव्हर्नर रॉन डीसँटिस 2022 मध्ये निवडून आले, तेव्हा काय तो दणदणीत विजय म्हणून डंका वाजला होता. त्यांना पडली होती 59.4 टक्के. गव्हर्नर व्हायला पुरेशी, गांजा व्हायला कमी.

आणखी एक गंमत. ट्रम्प फ्लोरिडाचेच मतदार. आपण गांजाच्या बाजूनं मत देणार, हे त्यांनी सप्टेंबरातच जाहीर करून टाकलं होतं. एकाच मतपत्रिकेवर ट्रम्प जिंकले आणि ट्रम्प यांचं मत हरलं.

गॅलप ही संस्था 1969 पासून अमेरिकेला विचारते आहे की गांजा कायदेशीर करावा का. पहिल्या वर्षी हो म्हणाले 12 टक्के. हे वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचं वर्ष, बरं का! चिखलात लोळत धूर सोडणारी ती लाखो पोरं आपण फोटोंत बघतो. देश मात्र त्यांच्या आजीच्या बाजूनं होता. मग पोरं मोठी झाली, त्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि 2013 मध्ये आकडा 58 वर गेला. 2023 मध्ये 70. त्या देशात सूर्य पूर्वेला उगवतो की नाही यावरही हल्ली पक्षवार मतदान होईल. तिथे दहातली सात माणसं एका गोष्टीवर हो म्हणतात.

आणि वॉशिंग्टनमधलं फेडरल सरकार काय म्हणतं? 1970 साली निक्सन यांच्या काळात कायदा झाला आणि गांजाला पहिल्या यादीत हेरॉइनशेजारी बसवलं. शेरा असा की दुरुपयोगाचा धोका मोठा, वैद्यकीय उपयोग शून्य. कोकेन दुसऱ्या यादीत आहे, म्हणजे त्याची वर्तणूक बरी. हे बसवणं तात्पुरतं होतं, समिती नेमून ठरवायचं होतं. समिती निक्सन यांनीच नेमली. अध्यक्ष रेमंड शेफर, पेन्सिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर, निक्सन यांच्याच पक्षाचे. 1972 च्या मार्चमध्ये समितीनं सांगितलं की स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. निक्सन यांनी अहवाल बाजूला सारला. समितीला विचारायचं ते तिनं आपल्या मनातलं बोलावं म्हणून. तिनं स्वतःचं मत दिलं तर तिचा उपयोग काय?

बायडन यांनी 2022 मध्ये या यादीच्या फाइलवरची धूळ झटकली. 2025 च्या डिसेंबरात ट्रम्प यांनी आदेश काढला की गांजा तिसऱ्या यादीत न्यायचं काम लवकर उरका. तिसरी यादी म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची. कोपऱ्यावरचं गांजाचं दुकान त्यानंही वॉशिंग्टनच्या लेखी कायदेशीर होत नाही.

तरी निम्म्याच्या आसपास राज्यांत दुकानं आहेत, ती कशी? तर 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी आमदारांना वळसा घातला आणि प्रस्ताव थेट मतपेटीत टाकून मंजूर करून घेतला. पुढच्या बऱ्याच राज्यांनी हीच वाट धरली. आमदार मागून आले, काही तर लोकांच्या गर्दीत रेटले गेले म्हणून आले. आणि जिथे ही वाट अडवायची कसून तयारी झाली, तिथल्या कथा ऐकण्यासारख्या आहेत.

मिसिसिपी घ्या. 2020 मध्ये औषधी गांजाला तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमतानं हो म्हटलं. हे राज्य म्हणजे काही हिप्पींचा मठ नव्हे. चर्चला जाणारं, सनातनी राज्य. एका शहराच्या महापौरबाई आधीच कोर्टात गेल्या होत्या. मुद्दा काय, तर प्रस्ताव मतदानाला आणायला ज्या सह्या लागतात, त्यांतल्या एका लोकसभा मतदारसंघातून एक पंचमांशापेक्षा जास्त चालत नाहीत. नियम केला तेव्हा राज्यात मतदारसंघ होते पाच. 2000 च्या जनगणनेनंतर उरले चार. चार पंचमांश मिळून एक होत नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळतं; मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाला 2021 च्या मे महिन्यात कळलं. निकाल रद्द. शिवाय याच हिशेबानं लोकांनी सह्या गोळा करून काहीही मतदानाला आणायचा रस्ताच त्या राज्यात बंद झाला. गांजा मागायला गेलेल्यांच्या हातातून अर्ज करायचा हक्कही गेला. (औषधी गांजा पुढच्या वर्षी आमदारांनी दिला. आपल्या हातानं, आपल्या अटींवर.)

साउथ डकोटात 2020 मध्ये 54 टक्के लोक हो म्हणाले. गव्हर्नरांच्या आशीर्वादानं खटला भरला गेला आणि न्यायालयानं म्हटलं की दुरुस्तीत एकापेक्षा जास्त विषय घुसडलेत, सबब बाद. 2022 मध्ये पुन्हा विचारलं, 2024 मध्ये पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा लोक नाही म्हणाले. मत बदललं असेल, नाही असं नाही. पण एकदा दिलेलं उत्तर केराच्या टोपलीत गेलेलं पाहिल्यावर किती माणसं त्याच उत्साहानं पुन्हा रांगेत उभी राहतात?

राजधानीतली तऱ्हा तर फर्मास. वॉशिंग्टन डीसीच्या रहिवाशांनी 2014 मध्ये मोठ्या बहुमतानं गांजा मोकळा केला. पण त्या शहराच्या डोक्यावर संसद बसलेली. मेरिलंडच्या एका खासदारानं अंदाजपत्रकाला शेपूट जोडलं की गांजाविक्रीची व्यवस्था लावायला शहरानं एक डॉलरही खर्चायचा नाही. परिणाम? बाळगणं कायदेशीर, फुकट देणं कायदेशीर, विकणं बेकायदा. मग दुकानं निघाली स्टिकरची. स्टिकर घ्या पन्नास डॉलरला, त्यावर गांजाची पुडी भेट. हाकेच्या अंतरावर कायदे करणारी इमारत. आपल्याकडे परमिट रूमच्या वाटा शोधणाऱ्यांनी या कल्पकतेला उठून नमस्कार करावा.

आणि आयडाहो! तिथल्या आमदारांनी ठरवलं की ही कटकट मुळातच नको. 2026 च्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेसाठी त्यांनी घटनादुरुस्ती मंजूर केली: अमली पदार्थ कायदेशीर करायचा अधिकार यापुढे फक्त विधिमंडळाला. थोडक्यात, तुम्हाला पुन्हा कधी विचारू नये, याबद्दल तुमचं मत काय?

वॉशिंग्टनमध्ये सगळेच झोपलेत, असं म्हणता येणार नाही. प्रतिनिधिगृहानं 2020 मध्ये आणि 2022 मध्ये असं दोनदा गांजाला यादीतून काढणारं विधेयक मंजूर केलं. सिनेटनं ते मतदानालाच घेतलं नाही. गांजाविक्रेत्यांना बँकेत खातं उघडू द्या, एवढं साधं विधेयक सात वेळा प्रतिनिधिगृहातून गेलं आणि तितक्याच वेळा सिनेटच्या कपाटात बसलं. बँका घाबरतात, त्यामुळे परवानाधारक दुकानदार रोकड पोत्यात भरून फिरतो. 1982 च्या करकायद्यातल्या एका कलमामुळे त्याला दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार असला नेहमीचा खर्चही उत्पन्नातून वजा करता येत नाही, कारण फेडरल सरकारच्या लेखी तो तस्कर. तस्कराकडून कर घ्यायला मात्र सरकारला लाज वाटत नाही. रोखीतही घेतात.

हे असं का, याचं उत्तर माझ्या मते त्या सत्तर टक्क्यांतच आहे. हा पाठिंबा स्वस्त आहे. फोनवर विचारलं, हो म्हटलं, फोन ठेवला. गांजासाठी कुणी आपला खासदार पाडत नाही. विरोध करणारे तीस टक्के थोडे असतील, पण ते पत्र लिहितात, सभेला जातात, उमेदवाराला नाव घेऊन जाब विचारतात. पुढाऱ्याला टक्केवारी मोजता येत नाही असं नाही. तो फक्त राग मोजतो. सत्तर टक्क्यांचा राग शून्य. गांजाची ख्याती बघता हे ओघानंच आलं म्हणा.

त्यात आता आकडाही उतरायला लागलाय. 2025 मध्ये गॅलपला 64 टक्के मिळाले. सगळ्यात मोठी घसरण रिपब्लिकन मतदारांत. कारणं शोधायला लांब जायला नको. न्यू यॉर्कनं 2021 मध्ये कायदा केला आणि पहिलं परवानाधारक दुकान उघडेपर्यंत 2022 चा डिसेंबर संपत आला. तोवर शहरात बेकायदा दुकानं हजाराहून जास्त झाली होती. गल्लोगल्ली दर्प. वुडस्टॉकच्या काळचा पाला आणि आजचा माल यांत नशेच्या जोरात मोठं अंतर पडलंय. मी काही गांजाचा वकील नाही. गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, एवढंच माझं म्हणणं. त्याला शेअर बाजारात आणून पोरांच्या आवडीच्या गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनात विकावा, असं मी कुठं म्हटलं? पण सत्तर टक्क्यांच्या नावावर दोन्ही खपतं.

आता आपल्याकडे या. इथे या झाडाबद्दल लोकांना एकदाच नीट विचारलं गेलं, आणि तेही इंग्रजांनी. 1893 साली नेमलेल्या आयोगानं देशभर फिरून 1,193 साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, बंदी घालू नका, कर लावा. आपल्या लोकशाहीनं काय केलं? 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजा थांबवायला 25 वर्षांची मुदत दिली होती. मुदत संपत आली तसं 1985 च्या ऑगस्टात बंदीचं विधेयक मांडलं, सप्टेंबरच्या मध्याला राष्ट्रपतींची सही आणि 14 नोव्हेंबरला अंमल. नेहरूंच्या जयंतीचा मुहूर्त कुणी काढला, देव जाणे. साक्षी किती घेतल्या, ते विचारू नका. भांगेची पानं तेवढी व्याख्येतून वगळली. एकाच झाडाची पानं पावन, शेंडा पातकी.

2020 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव आला. 27 विरुद्ध 25 मतांनी तो जेमतेम पास झाला. त्या 27 मध्ये भारत होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या वाहिन्या मुंबईत कुणाच्या फोनमध्ये गांजाबद्दल काय लिहिलंय, ते दिवसरात्र वाचून दाखवत होत्या. व्हिएन्नातलं मत कुणी वाचून दाखवल्याचं आठवत नाही.

2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं प्रशासनाला रीतसर अर्ज केला. कुठल्याच पिकाला भाव नाही, लागवडीचा खर्चही निघत नाही, तर दोन एकरात गांजा लावू द्या. अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर परवानगी आहे असं समजेन. पोलिसांनी याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. असेलही. पण परवानगी मागून शेती करू पाहणारा तो बहुधा एकटाच. धुळ्याकडे कापसात, तुरीत दडवलेली झाडं छाप्यांत सापडतात, त्यांचे अर्ज कुठल्याच कचेरीत नसतात.

शेवटी, ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत अशा वाचकांसाठी दोन शब्द. तिथे 2020 मध्ये 67 टक्के मतदारांनी गांजाला मान्यता दिली, 2022 च्या एप्रिलपासून दुकानं उघडली, आणि किराणा आणायला जाताना ती रस्त्यात लागतात. शेजारचा अमेरिकन आत जाऊन येतो, त्याला काही होत नाही. पण व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व ही खाती फेडरल सरकारची. तिथे राज्याचा कायदा आणि ते 67 टक्के मोजत नाहीत. गांजा बाळगल्याची नुसती कबुली, गुन्हा शाबीत झालेला नसतानाही, अर्ज अडवू शकते; अशा दुकानातली साधी नोकरीही नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, हे तिथल्या नागरिकत्व खात्यानं 2019 च्या एप्रिलमध्ये लेखी सांगून ठेवलंय. तेव्हा रविवारी व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारून झालं, की हेही सांगा: हातात अमेरिकेचा पासपोर्ट येईपर्यंत त्या दुकानाची पायरी चढायची नाही.