पोट आत ओढून दिलेलं माप

गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, पाना लावून आपल्या स्विंगला जुळवून घेता येतो, यात आता नवल राहिलेलं नाही. २००४ मध्ये टेलरमेडच्या आर-सेव्हन क्वॉड या ड्रायव्हरच्या हेडमध्ये चार स्क्रू आले आणि त्यांतली वजनं इकडची तिकडे करता येऊ लागली. वजनापलीकडची ढवळाढवळ तेव्हाच्या नियमांना मान्य नव्हती. २००८ मध्ये नियम सैल झाले, आणि वर्षभरात फिरवता येणारी स्लीव्ह दुकानांत आली. शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, हेडला मिळतो तिथे ती बसते. ती फिरवली की शाफ्टचा कल बदलतो. सोबत मिळणारा पाना तर फारच समंजस असतो. स्क्रू पुरेसा आवळला गेला की ‘टक्’ आवाज करून आता पुरे म्हणतो. यंत्रणेबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ड्रायव्हर स्विंगला जुळवताना हौशी गोल्फर जो स्विंग डोळ्यांपुढे ठेवतो, तो त्याचा नसतो. शिंप्यापुढे पोट आत ओढून माप देणारे गृहस्थ असतात. सदरा मापाबरहुकूम होतो. फक्त तो घालून श्वास सोडता येत नाही.

पुरावा म्हणून लॉफ्टचा आकडा घ्यावा. ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, मागे किती कललेली आहे ते हा आकडा सांगतो: ८.५ अंश, ९, १०.५, १२. तो हेडच्या तळाशी कोरलेला असतो, आणि तो जितका लहान तितका मालक मर्दानी, अशी क्लबहाउसमधली अलिखित समजूत आहे. आता ट्रॅकमन या रडार यंत्राने काही वर्षांपूर्वी व्यावसायिकांची मोजलेली सरासरी पाहा. अमेरिकेतल्या पुरुषांच्या पीजीए टूरवर ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी सुमारे ११३ मैल, आणि चेंडू हवेतून जाई २७५ यार्ड. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग ९४ मैल आणि अंतर २१८ यार्ड. पुरुषांचा चेंडू ११ अंशांच्या आसपास वर उठे, महिलांचा १३ अंशांच्या वर, कारण कमी वेगाच्या चेंडूला हवेत टिकायचं तर जास्त उंच निघावं लागतं. हौशी पुरुषांचा वेग या महिलांच्या आसपास असतो, साठीनंतर बहुधा खालीच. म्हणजे चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या कोर्सवरच्या गृहस्थांना कुणाचं अनुकरण करायचंच असेल, तर तर्कशास्त्र त्यांना सरळ एलपीजीएकडे पाठवतं. गृहस्थ मात्र टायगर वुड्सकडे निघालेले असतात.

हा अहंकार नुसता हास्यास्पद असता तर लेख लिहायचं कारण नव्हतं. तो उलटा फळतो, हे जास्त रंजक आहे. हौशी गोल्फरचा कुलाचार म्हणजे स्लाइस: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू निघतो ठीक, मग उजवीकडे वळत वळत झाडीत दिसेनासा होतो. चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो. पुढे किती वळणार हे फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर असतं. स्लाइसवाल्याची वाट बाहेरून आत येते आणि फेस तिच्या मानाने उघडा राहतो. उघडलेल्या फेसचा लॉफ्टही वाढतो, त्यामुळे चेंडू उजवीकडे जाता जाता उंचही चढतो. गृहस्थांना त्यातली उंची तेवढी दिसते. निदान तयार: लॉफ्ट फार झालाय. पाना निघतो, लॉफ्ट दीड अंश उतरवला जातो. पण स्लीव्हने लॉफ्ट उतरवला की जमिनीवर टेकवलेल्या ड्रायव्हरचा फेस आणखी उघडतो. शिवाय लॉफ्ट कमी असला की तेवढ्याच चुकीला चेंडू जास्त वळतो. उपचाराने रोग दुप्पट होतो, आणि रुग्ण त्याबद्दल कंपनीला दोष देतो. खरं औषध नेमकं उलट दिशेला, त्याच स्लीव्हवर, त्याच दीड अंशावर असतं. पण तिकडे फिरवायचं म्हणजे १०.५ चा ड्रायव्हर १२ चा झाला हे स्वतःशी कबूल करायचं.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की आम्ही क्लब टेकवून जसा पडेल तसा धरत नाही, फेस सरळ करूनच पकडतो. मग उघडण्या-मिटण्याचा प्रश्न कुठे येतो? मुद्दा बरोबर आहे. तसं धरलं तर स्लीव्हचा परिणाम फेसच्या दिशेवर न होता खऱ्या लॉफ्टवर होतो. पण स्लाइसवाल्याला तेही हवंच आहे. वजनांचं म्हणाल, तर ती हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, सरकवल्याने फेस मिटायला मदत होते हे खरं. मात्र सुमारे २०० ग्रॅमच्या हेडमध्ये काही ग्रॅम हलवून गुरुत्वमध्य हलतो तो काही मिलिमीटर. चाळीस यार्ड झाडीत जाणाऱ्या चेंडूने तेवढ्यासाठी घरी परतावं, ही अपेक्षा जरा जास्त होते. आणि ज्याचा एक चेंडू उजवीकडे नि पुढचा डावीकडे जातो, त्याच्यासाठी जगात अजून स्क्रू निघालेला नाही. जुळवाजुळव फक्त नेमाने होणाऱ्या चुकीची करता येते. त्यामुळे पाना उचलण्याआधी फेसवर पायाला मारायच्या पावडरीचा स्प्रे मारून पाहावा. दहा फटक्यांचे ठसे एका जागी नसतील, तर पाना परत डिकीत ठेवावा. हीलवर बसलेला फटका चेंडूला आपोआप उजवीकडे वळवतो, आणि त्याच्याशी स्लीव्हचा काही संबंध नसतो.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. काठी कसली सुधारता, स्विंग सुधारा, असं ते म्हणतात, आणि ऐकायला ते फार नैतिक वाटतं. पण काठीने माणसाच्या चुका पोटात घालण्याची परंपरा या पान्याच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडी ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर करू लागले. कडेला लागलेल्या चेंडूला उलटा पीळ बसून तो पुन्हा मध्याकडे वळतो, त्याचा मेळ हा फुगीरपणा घालतो. ज्यांना शुद्ध स्विंगच हवा त्यांनी आधी सपाट फेसचा ड्रायव्हर मागवावा आणि मग उपदेश करावा. शिवाय पन्नाशीच्या कमरेला नवी वाट शिकवायला महिने लागतात, स्लीव्ह मिनिटात फिरते. सोय वापरण्यात कमीपणा नाही. वाकड्या स्विंगसाठी सरळ स्विंगचं माप देण्यात आहे.

नियम करणाऱ्यांनी मनुष्यस्वभाव ओळखला होता असं दिसतं. जुळवणी सहज, नुसत्या बोटांनी करता येऊ नये अशी त्यांची अट आहे, नाहीतर प्रत्येक टीवर गॅरेज उघडलं असतं. फेरी सुरू असताना मांडणी बदलून त्या क्लबने फटका मारला, तर थेट बाद. मला हे कलम फार दयाळू वाटतं: तिसऱ्या होलवर आलेलं नैराश्य निदान अठराव्यापर्यंत तरी स्क्रूपर्यंत पोचत नाही. एक जुळवणी मात्र या कलमातून सुटली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत गुणकारी. दुकानातला ड्रायव्हर साधारण ४५.५ इंच लांब असतो; फटका अंगाबाहेर जाऊ नये म्हणून बरेच व्यावसायिक त्याहून आखूड वापरतात. हौशी माणसाला शाफ्ट कापायचीही गरज नाही. ग्रिप इंचभर खाली धरली, की पाच-सात यार्ड गेले तरी चेंडू फेसच्या मध्याच्या जवळ लागण्याची शक्यता वाढते. त्याला पाना लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि नियमही कुठल्याच टीवर आड येत नाही. अडचण एकच: तळाशी कोरलेला आकडा गवतात लपतो, पण हातांच्या वर उरलेला तो इंचभर रबर मागे उभ्या असलेल्या तिघा जोडीदारांनाही दिसतो.