भिडेचं भाडं वेगळं

शहरातल्या हॉटेलात उतरायला आधार कार्ड लागतं, मोबाइल लागतो, आगाऊ पैसे लागतात. आणखी एक गोष्ट लागते. ती कुठल्या नियमावलीत लिहिलेली नसते, पण अर्धा धंदा तिच्यावरच चालतो. ती म्हणजे आपली भीड. ती आपण घरून बांधून नेतो आणि काउंटरवर मुकाट जमा करतो. तिची पावती मिळत नाही.

आम्ही कासूकर त्यात आघाडीवर. कासू कुठे आलं, असं विचारू नका. तुम्ही ते वाचलेलं आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या बातमीत 'पनवेल ते कासू' हा एक टप्पा आणि 'कासू ते इंदापूर' हा दुसरा. काम २०११ साली सुरू झालं. एक रखडपट्टी जिथे संपते आणि दुसरी जिथे सुरू होते, ते आमचं गाव. तालुका पेण. रेल्वेने पेण सोडलं की नागोठण्याच्या अलीकडे आम्ही लागतो. गाडी थांबली तर.

तर पुतणीची परीक्षा नवी मुंबईत, आणि हजेरी सकाळी सातला. आता कासूहून सकाळी सातला नवी मुंबईत पोचायचं तर निघायचं कधी, हे ज्योतिषालाही सांगता येत नाही. मग मुक्काम करणं आलं. पूर्वी असा प्रश्न पडत नसे. लालबागला काका होते, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं होती, नववं-दहावं सहज मावायचं. आता त्या चाळीचा पुनर्विकास चालू आहे आणि काकांची मंडळीच भाड्याने राहतात. भाड्याच्या घरात पाहुणा म्हणून जाणं बरं दिसत नाही. म्हणून हॉटेल. मी, आमची ही आणि पुतणी.

काउंटरवरच्या पोराने माझं आधार कार्ड उलटंसुलटं पाहिलं.

"सर, लोकल आयडी अलाउड नाही."

"लोकल कोण?"

"तुम्हीच. डिस्ट्रिक्ट रायगड. आमचं हॉटेलपण रायगडमध्येच येतं ना."

पोराचा भूगोल पक्का होता. पनवेल, कामोठे, खारघर सगळं रायगड जिल्ह्यातच मोडतं. आमच्या गावाला अजून लोकल आलेली नाही, दिवा-रोहा मेमूवर भागवतो. आधार कार्डावर मात्र ती केव्हाच पोचली होती. त्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याच जिल्ह्यात खोली लागते म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं, असा हॉटेलवाल्यांचा हिशेब. माझ्यासोबत बायको, पुतणी, परीक्षेचं हॉल तिकीट आणि डब्यात तांदळाच्या भाकऱ्या. एवढा पुरावा घेऊन कोण काळंबेरं करायला येतं?

शेवटी मॅनेजर आला. "ठीक आहे सर, फॅमिली आहे, ॲडजस्ट करतो." मी म्हणालो, थँक्यू. पैसे मी दिले, उपकार त्यांनी केला आणि आभार पुन्हा मीच मानले. भिडेचा पहिला हप्ता तिथेच वळता झाला.

मग आधारची झेरॉक्स. हॉटेलला ती कशाला लागते आणि तिचं पुढे काय होतं, हे विचारायचं नसतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं: परवाना नसलेल्या हॉटेलांना, चित्रपटगृहांना आधारची प्रत घेता येत नाही, देऊ नका. देशभर खळबळ उडाली. दोनच दिवसांत सरकारने पत्रक मागे घेतलं. कारण काय, तर लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतील. लोकांनी आधार नेहमीच्या तारतम्याने वापरावं, असा सल्ला वर. म्हणजे तारतम्य आपलं आणि झेरॉक्स त्यांची. शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधारही मिळतं. पण ते पुढे केलं की काउंटरवरचा पोरगा असा बघतो, जणू आपण तोंडाला रुमाल बांधून बँकेत शिरलोय.

आता भाडं. मोबाइलवर खोली दिसली ती स्वस्त. बोट लावलं, कर आला. पुढे गेलो, 'सुविधा शुल्क' आलं. प्रत्यक्ष पोचलो, तिसऱ्या माणसाची गादी आली. गादी म्हणजे काय, तर आमच्याकडे ओटीवर पाहुण्याला टाकतात त्याहून पातळ. सकाळी लवकर निघणार म्हणून नाश्त्याचं विचारलं, तर तो 'इन्क्लुडेड' फक्त दोघांचा. ठिबक सिंचन सरकारने शेतकऱ्यांसाठी आणलं, पण ते खऱ्या अर्थाने अंगी बाणवलं हॉटेलवाल्यांनी: थेंब थेंब, मुळाशी, नेमकं.

ही थट्टा नाही. अशा ठिबक भाववाढीला कायद्यात नाव आहे, ड्रिप प्रायसिंग. ग्राहकाला गंडवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला जाहीर केली, त्यात ही आहे. बंदी आहे. हॉटेलच्या जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असंही याच प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. द्यायचा तर स्वखुशीने, नाहीतर नाही. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ वर आला. तर ग्राहका, कायदा तुझ्या बाजूला आहे, कोर्ट तुझ्या बाजूला आहे, सरकारनेही कर कमी केला. तुझ्या विरोधात एकटा तूच आहेस. कारण बिलावर बोट ठेवून 'हे काय?' विचारायचं तर मागे चारजण रांगेत उभे असतात, आणि त्यांच्यासमोर बरं दिसत नाही.

खोलीत शिरलो. खिडकी होती, उघडली तर समोर हातभर अंतरावर भिंत आणि सांडपाण्याचे पाइप. फोटोत याच खिडकीला पडदा होता. दाराशी कार्ड खोचायची फट. कार्ड काढलं की दिवा, पंखा, एसी सगळं ठप्प. मोबाइल चार्जिंगला लावून खाली चहाला जायची सोय नाही. पुतणीने क्षणभर त्या फटीकडे पाहिलं आणि तिच्यात कॉलेजचं जुनं ओळखपत्र खोचलं. सगळं चालू राहिलं. चार वर्षांच्या फीचा पहिला रोख परतावा, असं ती म्हणाली. मला धाकधूक. "अगं, कुणी बघितलं तर?" ही म्हणाली, "अहो, विजेचे पैसे भाड्यात आहेत की नाहीत?" आमच्या घरात भीड माझ्याकडे आहे आणि हिशेब हिच्याकडे.

सकाळी उठून मी पांघरुणांच्या घड्या घातल्या, कप विसळून उपडे ठेवले, बाथरूममधलं पाणी ओढलं. हॉटेलात हे करणारा माणूस मी एकटाच असेन असं वाटत नाही. लोक काय म्हणतील ही चिंता आपण लोक ओळखीचे नसले तरी करतो. ही दारात उभी राहून म्हणाली, "झाडून पण घ्या. आणि मजुरी वजा करायला सांगा."

नाश्त्याला पोहे होते. पेण तालुक्यातल्या माणसाला पोह्यांत फसवणं म्हणजे नाशिकच्या माणसाला द्राक्षांत फसवणं. ज्या तालुक्याने पोहे आणि पापड मुंबईभर पोचवले, तिथला माणूस हातात घेऊन सांगतो की हे भिजवून किती वेळ झाला. स्टीलच्या झाकणाखाली, खाली मेणबत्ती लावून, त्या पोह्यांची वरून पिवळी आणि आतून कोरडी अशी वडी झाली होती. मी वाढून घेतले, खाल्ले, आणि वाढणाऱ्याने विचारलं तेव्हा 'छान' म्हणालो. हिने त्याला विचारलं, "लिंबू, खोबरं?" तो म्हणाला, "मॅडम, ते एक्स्ट्रा." कोकणाच्या उंबरठ्यावर खोबरं एक्स्ट्रा.

तरी आम्ही स्वस्तात सुटलो म्हणायचं. जुलै २०१९ मध्ये राहुल बोस या नटाने चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन केळी मागवली आणि ४४२ रुपये ५० पैशांचं बिल जगाला दाखवलं. ताज्या केळ्यांवर कर नाही, तरी तो लावलेला. करखात्याने हॉटेलला २५ हजारांचा दंड केला. केळ्याच्या भावाबद्दल नव्हे. भाव हॉटेलचा, तो कितीही असू शकतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तर सांगूनच टाकलं की हॉटेलात बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येतं, कारण तिथे आपण नुसतं पाणी घेत नाही, बसण्याची शोभाही घेतो. आमच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या होत्या. खुर्ची एकच होती. म्हणजे दोघांनी शोभेविनाच पाणी प्यायचं.

निघताना बिल आलं. खाली एक ओळ: 'मंचिंग'. खोलीत टेबलावर खाऱ्या शेंगदाण्याची पुडी ठेवलेली असते, ती म्हणे कमी आहे. आम्ही तिला हात लावलेला नव्हता. माझा हात खिशाकडे गेला. एका पुडीसाठी कुठे वाद घाला, पोरीला उशीर होईल, आणि पुन्हा बरं दिसत नाही. तेवढ्यात ही पुढे सरसावली आणि शाळेत सगळ्या महाराष्ट्राने ऐकलेलं वाक्य ठणकावून म्हणाली, "आम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत!"

काउंटर गप्प. मागच्या रांगेतले एक आजोबा चक्क हसले. मराठी माणसाला आपल्या बाळपणातल्या टिळकांची ही गोष्ट एवढ्या थेट उपयोगाला येईल असं कधी वाटलं नसेल. खुद्द टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधनही तिथेच झालं. त्यांच्या खोलीच्या बिलात शेंगदाणे घालण्याची सरदारगृहात कुणाची छाती झाली असती का, याचा विचार करा. 'मंचिंग' खोडलं गेलं. आणि मजा अशी, की आभाळ कोसळलं नाही. पोरगा 'सॉरी मॅडम' म्हणाला, नवं बिल काढलं, संपलं. दोन मिनिटं लागली. म्हणजे हा गड एवढाच होता. आम्ही उगाच पायथ्याशी तळ देऊन बसलो होतो.

भिंतीवर पाटी होती: 'सामान व वाहनाची जबाबदारी मालकाची राहील.' मालक कुणाचा, हे मोघम. पण ही पाटीसुद्धा वाटते तेवढी जाड नाही. १९९८ साली दिल्लीच्या एका नामांकित हॉटेलने पाहुण्याची मारुती झेन किल्लीसकट ताब्यात घेतली, ती हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली. चिठ्ठीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, किल्ली घेतलीत तर काळजी घ्यावी लागेल; स्वतःच्या हलगर्जीला पाटी लावून झाकता येणार नाही. २१ वर्षं लागली. महामार्गापेक्षा कोर्ट बरं की वाईट, हे आम्ही महामार्ग पुरा झाल्यावर सांगू.

दारापर्यंत पोचलो तर बॅग उचलणारा पोरगा आडवा आला. हातात क्यूआर कोडचा ठोकळा. "सर, पाच स्टार द्या ना. माझं नाव पण टाका, इन्सेंटिव्ह मिळतं." तो समोर उभा, स्क्रीनवर बघतोय. आता त्या बिचाऱ्याच्या तोंडावर तीन स्टार कसे दाबायचे? खिडकी त्याने बांधली नव्हती, पोहे त्याने केले नव्हते. हॉटेलचा मालक समोर येत नाही, ज्याच्या तोंडाकडे बघून आपण विरघळू असा पोरगाच पुढे करतो. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० नावाचं मानक काढलं. ते ऐच्छिक आहे. अभिप्राय मात्र सक्तीचा. मी पाच स्टार दिले. त्या शेजारचे सगळे पाच स्टार असेच दाबलेले असणार, आणि तेच बघून मी ही खोली घेतली होती.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, शहर लबाड, गाव साधं. थांबा. माझ्या चुलतभावाने गावात शेतघर बांधलंय, दोन खोल्या, शनिवार-रविवार मुंबईची मंडळी येतात. थंडीत पोपटी लावतो: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. परवा आलेल्या ग्रुपने आधी विचारलं, अनलिमिटेड आहे ना. मग रात्री रातकिड्यांचा आवाज फार होतो म्हणून सूट मागितली. मग म्हणाले, चेकआउट संध्याकाळी करतो, शेतातच तर आहे. त्यांनी जाताना भाकरीचे पैसे घासाघीस करून कमी करून घेतले आणि दोन स्टार दिले. कारण: 'वायफाय स्लो'. एकालाही भीड वाटली नाही. हीच माणसं शहरातल्या हॉटेलात वडी झालेले पोहे 'छान' म्हणून खात असतील. म्हणजे भिडेचा संबंध गाव-शहराशी नाही. काउंटर किती चकचकीत आहे, याच्याशी आहे. ग्रॅनाइट दिसलं की आपण वाकतो, शेणाचं सारवण दिसलं की ताठ होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लक्षात ठेवायला सोपा, लावायला अवघड. कारण हॉटेलच्या काउंटरसमोर उभं राहून तो फिरवायचा असतो.

चुलतभावाला म्हटलं, तूही शहाणा हो. दर वाढव, गादीचे वेगळे लाव, चुलीचे वेगळे, शेंगांची पुडी टेबलावर ठेव आणि सकाळी मोज. तो मान हलवत म्हणाला, "दादा, घरी आलेल्या माणसाकडून असं घेणं बरं दिसत नाही."

दोन स्टारातच मरणार.