बटणं डावीकडे नेणाऱ्यास खुले पत्र

श्री. मार्क शटलवर्थ यांस,



२०१० च्या मार्चमध्ये, तुम्ही सुरू केलेल्या उबंटू या लिनक्स प्रणालीची १०.०४ ही आवृत्ती तोंडावर आलेली असताना, तुमच्या मंडळींनी मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ आणि क्लोज ही तिन्ही बटणं विंडोच्या उजव्या कोपऱ्यातून उचलून डावीकडे नेली. लोक चिडले. त्यावर तुम्ही सुनावलंत, पुरावे आणा, स्वागत आहे. पण ही लोकशाही नाही, डिझाइनवर मतदान होत नाही. वा! ब्रीद 'माणसांसाठीचं लिनक्स', आणि माणसं बोलायला लागली की मतदान बंद! पुरावा मागणं योग्यच. पण तो आधी बदल करणाऱ्यानं द्यायचा असतो.

डावी बाजू वाईट, असं माझं म्हणणं नाही. मॅकवर बटणं डावीकडेच असतात आणि तिथे ती खपून जातात, कारण मॅकचा मेन्यू विंडोत नसतो, स्क्रीनच्या अगदी वर असतो. तुमच्या १०.०४ मध्ये मेन्यू विंडोतच होता. म्हणजे क्लोज येऊन बसलं थेट 'फाइल'च्या डोक्यावर. सेव्ह करायला निघालेला माऊस जरा वर सरकला, की क्लिक थेट क्लोजवर. सारखा लागणारा मेन्यू आणि काम बंद पाडणारं बटण असं खेटून ठेवताना कुणालाच काही खटकलं नाही?

विंडोज ९५ पासून पंधरा वर्षं कोट्यवधी हात क्लोजसाठी उजव्या कोपऱ्यात जात होते. सरावलेल्या हाताची किंमत तुम्हाला तरी कळायला हवी होती. २००२ मध्ये सोयूझमधून अंतराळात जाण्याआधी तुम्ही महिनोन्‌महिने सराव केलात. उड्डाणाच्या तोंडावर कुणी तिथली बटणं हलवली असती आणि वर 'मतदान नाही' म्हणून दटावलं असतं, तर चाललं असतं?

मोकळ्या केलेल्या उजव्या कोपऱ्यात काय येणार, ते २०१० च्या मे महिन्यात तुम्ही उलगडून सांगितलंत. तिथे 'विंडिकेटर' येणार होते: फाइल सेव्ह व्हायची आहे, मेल ऑफलाइन आहे, असं दाखवणारी चिन्हं. १०.१० या पुढच्या आवृत्तीचा वायदा होता. ते आलेच नाहीत. पाहुण्यांसाठी घरच्यांना पाटावरून उठवलंत आणि पाहुणे फिरकलेच नाहीत.

बरं, ज्याला बटणं परत उजवीकडे हवी होती त्यानं काय करायचं? सेटिंग्जमध्ये साधा पर्याय नव्हता. जीकॉन्फ-एडिटर उघडा, ॲप्स, मेटासिटी, जनरल असं आत आत जा, 'बटन लेआउट' ही नोंद शोधा आणि बटणांची नावं स्वतः टाइप करा. मधे एक अपूर्णविराम: त्याच्या अलीकडचं डावीकडे, पलीकडचं उजवीकडे. लिनक्सवर नव्यानं आलेल्या माणसानं हे कुठून शोधायचं?

शेवटी २०१७ च्या ऑक्टोबरात, १७.१० मध्ये, बटणं निमूट उजवीकडे परतली. हात पुन्हा नव्यानं वळवायचे, तेही आम्हीच.

हाताला लागलेलं वळण ज्याचं त्याचं असतं. ते मोडायचा हक्क सॉफ्टवेअर फुकट दिल्यानं मिळत नाही. यापुढे काहीही हलवाल तेव्हा कारण आधी सांगा, जागा ज्यासाठी रिकामी करताय ते तयार ठेवा, आणि जुनं परत आणायचा पर्याय सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर द्या. एवढं पाळलंत, तर बटणं कुठेही ठेवा, आम्ही शिकून घेऊ.



आपला,
एक वापरकर्ता